भिंतीपलीकडचा मार

शोकसभेत एका मोठ्या दिग्दर्शकाने मास्तरांना 'अजातशत्रू' म्हटलं आणि मला हसू फुटलं. चांगलं मोठ्याने फुटलं. पुढच्या रांगेतली डोकी वळली. ज्या माणसाला त्याच्याच शिष्याने भरदुपारी बदडून मारलं, त्याला म्हणे शत्रू नव्हता! एवढ्यावर थांबला असता तर मी गप्प बसले असते. पण पुढे तो म्हणाला, मास्तर इतके शांत, इतके सौम्य, की त्यांनी आयुष्यात कधी कुणावर हात उगारला नाही. तेव्हा मात्र मी उठले. शेजारी बसलेल्या उंटाने माझा हात धरून मला खाली खेचलं, नाहीतर त्याच व्यासपीठावर लगेच दुसरी शोकसभा घ्यावी लागली असती.

उंट म्हणजे माझ्याबरोबर शिकलेला, ताडमाड उंचीचा, मान पुढे काढून चालणारा आमचा माईकवाला. त्याला खरं नाव आहे, पण ते त्याच्या आईशिवाय कुणी वापरत नाही.

मास्तर हात उगारायचे. रोज उगारायचे. तो त्यांचा विषयच होता. सिनेमात हिरो ठोसा मारतो तेव्हा तो लागत नाही, गालाच्या चार बोटं अलीकडून निघून जातो. आवाज मागाहून आमच्यासारखी माणसं बंद खोलीत बसून करतात. मास्तर त्या कामातले बाप होते. आधी ते सिनेमा शिकवणाऱ्या एका संस्थेत शिकवायचे. तिथे एका वरिष्ठाने त्यांच्या विद्यार्थिनीच्या पाठीवरून हात फिरवला. मास्तरांनी त्याला वर्गातच आडवा केला. नोकरी गेली. मग त्यांनी घरातलीच एक खोली रिकामी केली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आणि शिकवणी चालू केली. खाली एका शिंप्याचं दुकान, वर मास्तरांचं घर. आम्ही सहा-सात जण संस्था सोडून त्यांच्या मागे गेलो.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला ओळीत उभं केलं आणि म्हणाले, "चला, एकेकाने या आणि मला मारा."

आम्ही दात काढले.

"दात नंतर काढा, नाहीतर मी काढीन. मारा म्हणतो ना!"

तो त्या खोलीचा नियम होता. ज्याला थपडेचा आवाज करायचाय त्याने आधी थप्पड खायची, आणि सगळ्यांच्या आधी मास्तर खाणार. आपल्याकडे मारायला किती शब्द आहेत बघा, म्हणायचे. चापट, धपाटा, गुद्दा, बुक्की, टपली. आणि यांच्या सिनेमात सगळ्याला एकच 'ढिशुम'! लाज वाटायला पाहिजे. माझी पाळी आली तेव्हा मी डोळे मिटून त्यांच्या कानाखाली एक ठेवून दिली. ते हेलपाटले, गाद्यांवर आदळले, आणि तिथूनच त्यांनी विचारलं, "काय ऐकलंस?"

"सट्‌ असं काहीतरी."

"तो तुझा हात. माझं काय ऐकलंस?"

मला सांगता येईना. मग त्यांनी मला एक लावली. डोळ्यापुढे काजवे चमकले. "आता कळलं?" त्यांनी विचारलं. कळलं होतं. मार बसला की आपला श्वास आपल्या परवानगीशिवाय तोंडातून बाहेर पडतो. हाताचा आवाज कुणीही करेल, ओला टॉवेल फरशीवर आपटला की झालं. पण पोटातून निघालेला तो 'हं' नसेल तर बघणारा म्हणतो, पोत्याला मारतायत. मास्तरांचं सगळं शास्त्र त्या 'हं'मध्ये होतं. त्यांचा डावा कान लहानपणीच त्यांच्या वडिलांनी एका थपडेत घालवला होता. उजव्या कानावर त्यांनी एवढं सगळं ऐकलं. मला तो माणूस फार आवडायचा. माझ्या स्वतःच्या बापाने मला कधी बोट लावलं नाही आणि माझ्याकडे कधी लक्षही दिलं नाही.

खोलीच्या पलीकडे काकूंचं, म्हणजे मास्तरांच्या बायकोचं, स्वयंपाकघर होतं. मधली भिंत पातळ, नुसता देखावा. काकू तिकडे कांदे चिरता चिरता आमचे खून ऐकायच्या. कवटी फोडायला कोबी लागायचा, बोटं मोडायला गाजरं, आणि सगळं त्यांच्याच टोपलीतून यायचं. "आज भाजी नाही," त्या जेवायला बसलेल्यांना सांगायच्या. "ती यांच्या हाताखाली वारली." पण त्यांचा कान मास्तरांहून तिखट होता आणि मास्तरांना ते माहीत होतं. म्हणून आवाज जमला की नाही हे काकू ठरवायच्या. हातात जे असेल ते भिंतीवर ठोकायच्या. एकदा ठोकलं की जमलं. दोनदा ठोकलं की परत करा. दोनदा ठोकलं की मास्तर वैतागायचे, भिंतीकडे बघून दात-ओठ खायचे, आणि मुकाट्याने परत करायचे.

आमच्यात एक दांडगा होता. अंगाने तर होताच, पण त्याचा हातही विलक्षण होता. चामड्याच्या जाकिटावर त्याने बुक्की मारली की अंगावर काटा यायचा. मास्तरांना त्याचं कौतुक होतं. पण पहिल्या दिवशी मास्तरांना मारताना आम्ही सगळे एकदा मारून थांबलो, तो थांबला नव्हता. दुसरी मारली, तिसरीसाठी हात उचलला, तेव्हा मास्तरांनी मनगट धरलं. तेव्हाच ओळखायला हवं होतं. एकदा सरावाला त्याच्यासमोर उंट उभा होता. ठरला होता पोटात एक गुद्दा. उंट खाली बसला, पुरे म्हणाला, तरी हा मारतच राहिला. उंटाचे पुढचे दोन दात गेले. रक्त गादीवर सांडलं आणि दांडगा माईककडे बघून विचारतो, "आलं का नीट?"

मास्तरांनी त्याला मानगुटीला धरून जिन्यावरून खाली नेला आणि भर रस्त्यात पायातली चप्पल काढून झोडपला. शिंपी मशीन थांबवून बाहेर आला. येणारे-जाणारे उभे राहिले. दांडगा मास्तरांच्या दुप्पट, मनात आणलं असतं तर त्यांना उचलून फेकलं असतं. पण त्याने खाली मान घालून मार खाल्ला आणि निघून गेला. मास्तरांनी सगळ्या स्टुडिओंना सांगून टाकलं की या माणसाला आवाजाचं काम देऊ नका, याला आवाज नकोय, याला मार हवाय. पुढे तो मारामारीच्या सीनमध्ये मार खाऊन पडणाऱ्या गर्दीत काम करू लागला. लोक म्हणतात मास्तरांनी त्याला रस्त्यात मारायला नको होतं, त्याचाच डूख त्याने धरला. मला विचाराल तर कमी मारला.

त्या दुपारी आमच्यापैकी कुणी तिथे नव्हतं. मास्तर एकटेच काम करत होते. दांडगा आला, वर गेला, आणि त्याने दार लोटून घेतलं. खोलीत वाळूचं पोतं बडवायला कापड गुंडाळलेला एक दांडका असायचा. त्याने तो उचलला. खालून शिंप्याने सगळं ऐकलं आणि मशीन चालूच ठेवलं. वरून मारामारी ऐकू येत नसती तरच त्याला काळजी वाटली असती. थोड्या वेळाने दांडगा जिन्यावरून उतरला तेव्हा त्याचा सदरा छातीपर्यंत लाल होता. शिंप्याने मोठी कात्री त्याच्या गळ्याला लावली आणि पोलीस येईपर्यंत काढली नाही. खटला लांबला नाही. दांडग्याने सगळं कबूल केलं.

आणि कबूल करता करता त्याने काकूंना मारलं. जबाब कोर्टात वाचून दाखवला तेव्हा काकू पुढच्या बाकावर होत्या, मी त्यांच्या शेजारी. त्यात होतं, की मी मारत होतो, पण ते आवाजच करत नव्हते. मग मी थांबलो. ते खाली पडले होते, मला वाटलं झालं. तेवढ्यात पलीकडून भिंतीवर दोनदा ठोकलं. मग मी परत मारलं.

कोर्टात कुणाला काही समजलं नाही. मला समजलं. काकूंचा हात माझ्या हातात होता, तो त्यांनी सोडवून घेतला.

घरी आल्यावर त्यांनी सांगितलं. त्या मिरी कुटत होत्या. पलीकडे धपाधप चालू होतं आणि त्यांच्या मनात आलं, आज यांना झालंय तरी काय, एकही फटका जमत नाहीये. नुसता बद्द बद्द आवाज, त्यात ना जोर, ना जीव. खरा मार असाच वाजतो. सिनेमातल्यासारखा तो कधीच वाजत नाही, म्हणून तर आमचं पोट चालतं. दुसऱ्या कुठल्या घरात बाई धावत गेली असती. काकूंना वाटलं काम बिघडलंय. त्यांनी बत्ता भिंतीवर दोनदा आपटला. परत करा.

"तो थांबला होता," काकू म्हणाल्या. "मी त्याला परत करायला लावलं."

सगळ्यांनी त्यांची समजूत घातली. त्यांच्या भावाने सांगितलं, अगं ताई, ते पहिल्याच घावात गेले होते, म्हणून तर आवाज नव्हता. वकिलाने तेच सांगितलं. डॉक्टर म्हणाले नक्की कुठल्या घावाने गेले ते सांगता येत नाही. काकू सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या आणि मग तेच विचारायच्या: मी ठोकलं तेव्हा ते जिवंत होते का? जेवण सुटलं. माणसांना ओळख देईनाशा झाल्या. एक दिवस मी गेले तर ओट्याशी उभ्या, उजवा हात ओट्यावर पसरलेला, डाव्या हातात तो बत्ता, आणि उजव्याची तीन बोटं चेचलेली. ज्या हाताने ठोकलं तो हात. तोंडातून चकार शब्द नाही. मी बत्ता हिसकावून घेतला आणि त्यांना इतक्या शिव्या दिल्या की माझाच घसा बसला.

प्लास्टर घालून आणल्यावर त्या मला म्हणाल्या, "तू मला ऐकव."

"काय ऐकवू?"

"मेलेल्याला मारलं की कसं वाजतं आणि जित्याला कसं. त्याच खोलीत, त्याच भिंतीआडून. मी ठोकल्यावर जे ऐकलं ते माझ्या कानात आहे. मी ओळखते."

"आणि जिवंत असतील तर?"

"तर मला कळू दे. या अशा लटकण्यापेक्षा बरं."

मी आधी नाही म्हटलं. मग त्यांच्या बोटांकडे पाहिलं. नाही म्हटलं तर पुढच्या वेळी नुसत्या बोटांवर भागणार नव्हतं.

उंट म्हणाला, "दोन्ही वेळा पोतंच बडवू की. खोटं वाजवणं हा तर आपला धंदाच आहे."

"काकूंच्या कानासमोर? शहाणाच आहेस. मेलेल्याच्या जागी पोतं चालेल, जित्याच्या जागी जितं माणूसच लागेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ती खोली उघडली. गाद्या काढून नेल्या होत्या. फरशीचा एक तुकडा घासून घासून बाकीच्यापेक्षा पांढरा पडला होता. आम्ही दोघं त्याला वळसा घालून गेलो. पोतं टांगलं. पोलिसांनी दांडका नेला होता, म्हणून उंटाने तसाच एक आणून त्याला कापड गुंडाळलं. काकू पलीकडे स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या. मी हाक दिली, "ऐका."

उंटाने पोतं बडवलं.

"हे पोतं आहे," पलीकडून आवाज आला. "मला पोतं कळत नाही होय?"

आता माझी पाळी होती. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि उंटाला म्हटलं, मार. दात पडले तेव्हापासून या माणसाने डाससुद्धा मारलेला नाही. त्याने गुद्दा मारला, तो मला गुदगुल्या केल्यासारखा लागला. मी त्याला भित्रा म्हटलं. त्याच्या उंचीला, मानेला, खोट्या दातांना, जे जे सुचलं ते सगळं म्हटलं. तेव्हा कुठे त्याने खरा मारला. माझ्या पोटातून किंकाळी निघाली. दुसरा मारला, मी परत ओरडले. धाडकन दार उघडून शिंपी कात्री घेऊन आत घुसला आणि उंटाच्या अंगावरच गेला. आता वरून काहीही ऐकू आलं की तो येतो. त्याला सगळं समजावून, हात जोडून खाली पाठवावं लागलं.

"नाही," काकू पलीकडून म्हणाल्या. "हे माणसाचं आहे, हे मला तेव्हाच कळलं असतं. आणि हाताचं नव्हतं ते, लाकडाचं होतं."

म्हणजे पोतंही नव्हे आणि माणूसही नव्हे. मी बुचकळ्यात पडले. उंट म्हणाला, "पुरे झालं आता, चल."

"दांडका घे," मी म्हटलं.

"मी नाही घेणार."

"घे म्हणते ना!"

मी गुडघ्यांवर बसले आणि त्याच्याकडे पाठ केली. पहिला दांडका बसला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला. मागे उंट रडत होता, ते मला नीट ऐकू येत होतं. मी तोंड उघडलं असतं तर त्याने दांडका टाकला असता आणि परत कधीच उचलला नसता. म्हणून मी छाती भरून श्वास घेतला आणि दातांमागे कोंडला. त्याला वाटलं असावं की मला फारसं लागत नाहीये. त्याने आणखी फटके मारले. बरगडीत काहीतरी कडकन मोडलं. मी श्वास सोडला नाही. तो थांबल्यावर मग मात्र राहवेना, आणि तो आपोआप नाकातून बाहेर गेला. लांब, बारीक. मी फरशीवर आडवी झाले.

पलीकडे चपला वाजल्या आणि काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हेच," त्या म्हणाल्या. "अगदी हेच. शेवटचा सुस्कारासुद्धा. मला वाटलं दमले असतील, काम झालं की तसाच सोडायचे. तू आता केलंस काय?"

"काही नाही. दम कोंडून धरला."

"कशाला?"

मी उंटाकडे बोट केलं. तो भिंतीकडे तोंड करून हुंदके देत होता. "मी ओरडले असते तर याला कळलं असतं ना. मग याने..."

वाक्य पुरं व्हायच्या आधी मला समजलं. काकूंना माझ्याही आधी समजलं होतं. मास्तर जिवंत होते. पहिल्या फटक्यापासून शेवटच्या फटक्यापर्यंत जिवंत होते आणि शुद्धीवर होते. काकूंनी भिंतीवर ठोकलेलंही त्यांनी ऐकलं होतं. भिंतीआड त्यांची बायको एकटी होती आणि समोर दांडका घेतलेला तो राक्षस होता. एक आवाज निघाला असता तर ती धावत आली असती, आणि मग तिच्यावर हात टाकायला तो कचरला असता का? सगळ्या जगाला श्वास सोडायला शिकवणारा माणूस श्वास गिळून बसला, आणि मरेपर्यंत त्याने स्वतःचं पोतं करून घेतलं.

"माझ्यासाठी?" काकू म्हणाल्या.



मग त्या भडकल्या. इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून मोठा आवाज निघाला नव्हता, तो आता निघाला. "मला विचारलं होतं का? जन्मात कधी एक गोष्ट मला विचारून केली नाही या माणसाने! नोकरी घालवली तेव्हा विचारलं नाही, खोली रिकामी केली तेव्हा विचारलं नाही, आणि मरताना तरी विचारावं ना! मी काय बाहुली होते? डोकं फोडलं असतं त्याचं मी, भुगा केला असता!" त्या पोत्यावर धावून गेल्या. डाव्या हाताने, मग प्लास्टरच्या हाताने, लाथांनी, त्या पोतं बडवत राहिल्या. प्लास्टर तडकलं. उंट त्यांना आवरायला पुढे झाला, त्यालाही दोन बसल्या. पोत्याची शिवण उसवली आणि वाळू त्या पांढऱ्या फरशीवर पसरली. तेव्हा त्या थांबल्या आणि माझ्याशेजारी येऊन बसल्या. त्यांना धाप लागली होती.

"हाक मारायची ना," त्या म्हणाल्या. "मी आले असते."

"ते त्यांना माहीत होतं, काकू."

काकूंनी माझ्या कानाखाली सणसणीत ठेवून दिली. मग माझं डोकं ओढून स्वतःच्या छातीशी धरलं आणि त्या गळा काढून रडायला लागल्या.